पाहुणे नसतात तेव्हाचं मालवण

पहाटे साडेपाच

मंगळवार, १५ जुलै २०२५. कौलांवर पाऊस एका लयीत पडतोय आणि त्याच्या मागे समुद्र घुमतोय. डिसेंबरात इथे लाट आलेली कळते, गेलेलीही कळते. आषाढात रात्रभर एकच सलग गाज असते, भिंतीतून येणारी. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधीच्या जाग्या झाल्यात. अंधारातच त्यांनी विचारलं, "हे असं किती महिने असतं गं?" मी म्हटलं, "चार." त्या काही बोलल्या नाहीत, पण डोक्यात हिशेब चालू झाला असणार.

मालवणात चिवला बीचच्या मागच्या वाडीतलं हे घर आमच्या ओळखीचं आहे. निवास व न्याहारी योजनेतल्या तीन खोल्या, मागे विहीर, पुढे खळं. सुट्टीत आम्ही इथेच उतरतो. या वेळी मात्र कुकर, लेकीचं दप्तर, आईंची औषधं आणि माझा लॅपटॉप घेऊन आलोय. डोंबिवली सोडून इथे कायमचं राहायला यायचं का, हे ठरवायचंय. सुट्टीतलं मालवण आम्हाला पाठ आहे. कामाच्या दिवसाचं माहीत नाही. म्हणून पाहुणे नसतात तेव्हा, भर पावसात, नवऱ्याची रजा आणि माझं नेहमीचं काम घेऊन इथे राहायचं ठरवलं. घर हलवायचा निर्णय मंगळवारी घ्यावा, रविवारी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सात

लाइट आहे, पाणी आहे, कपडे मात्र वाळत नाहीत. पडवीत दोरी बांधली आहे, तिच्यावर परवाचे टॉवेल अजून दमट. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरली आहे. पडवीच्या कडेला घरमालकीण काकींनी झड अडवायला झावळ्यांचे झाप बांधलेत आणि त्यावर निळं प्लास्टिक. 'रूम उपलब्ध'ची पाटी त्यांनी पुसून, उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आहे.

"यंदा पावसान मे म्हयनो खाल्लो," काकी घावणे काढता काढता सांगतात. खरंच आहे. यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात शिरला, देवगडपर्यंत आला. शाळांच्या सुट्टीतला मेचा शेवटचा आठवडा, घराघरांतल्या बुकिंगचा सगळ्यात भरीव आठवडा, वाहून गेला. वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे यांच्यात असते, त्यात मे सगळ्यात मोठा. त्यातले सात दिवस गेले की लेकराच्या फीचे किंवा कौलं चाळायचे पैसे गेले.

मासेवाली दारात आली, पण टोपलीत समुद्राचं काही नाही. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नेहमीची मुदत ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवसांची. मासळीच्या विणीचा हा काळ. टोपलीत खाडीतल्या कुर्ल्या, थोड्या तिसऱ्या आणि कागदात बांधलेला सुका बांगडा. सुरमई-पापलेटची थाळी ही मालवणची ओळख आम्ही इतकी वर्षं घेऊन फिरतो, आणि वर्षातले दोन महिने मालवणची माणसं गोलमा, खारा बांगडा आणि खाडीवर जेवतात. आईंनी तिसऱ्या घेतल्या. त्या नाशिकच्या, तिसऱ्या कशा उघडायच्या हे काकींनी त्यांना विळीवर दाखवलं. अर्ध्या तासानंतर दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या.

सव्वाआठ

नवरा निघाला. तो एसी-फ्रिजचा मेकॅनिक. ठाण्यातल्या एका कंपनीत आहे. सकाळी सातची लोकल, रात्री नऊला घरी, आणि मधल्या वेळात लोकांच्या इमारतींच्या बाहेर लटकून काम. इथल्या एका मेकॅनिकशी त्याची हिवाळ्यात ओळख झाली होती. आज दिवसभर त्याच्याबरोबर फिरायचं ठरलंय.

निघताना तो काकींच्या एसीचं बाहेरचं युनिट उघडून मला दाखवत होता. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. त्या पात्यांचं खाऱ्या हवेने पीठ झालं होतं, बोट लावलं की पांढरी पूड. डोंबिवलीत आठ-दहा वर्षं टिकणारं युनिट समुद्राला लागून तीन-चार वर्षांत असं होतं, असं तो म्हणाला. म्हणजे इथे काम आहे. प्रश्न एवढाच की ते बारा महिने आहे का.

दहा

उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब, बाजूला आंब्याचं लोणचं. इथे दहा वाजता पेज घेतल्याशिवाय कामाला खरी सुरुवात होत नाही. दुपारी जेवणाला दीड-दोन वाजतात, त्यामुळे ही पेज पोट धरून ठेवते. माझ्या टेबलाच्या कामाला तर ती फारच मानवते.

माझं काम पगारपत्रकांचं. डोंबिवली-अंबरनाथच्या लहान कारखान्यांचे पगार, पीएफ, ईएसआय, जीएसटी मी घरून करते. आज १५ तारीख, म्हणजे पीएफ आणि ईएसआयचं चलन भरायची शेवटची तारीख. चुकलं तर मालकाला व्याज आणि दंड, आणि मला पुढच्या महिन्यात काम मिळेलच असं नाही. मी मुद्दामच दोन कारखान्यांची चलनं आजवर ठेवली. इथे राहायचं झालं तर वर्षाला बारा वेळा १५ तारीख येणार आणि त्यातल्या चार पावसात येणार.

दहा चाळीसला लाइट गेली. वाय-फाय बंद. मोबाइलचं नेट पाच मिनिटं चाललं, मग तेही लंगडलं. पोर्टलवर ओटीपी आला तोवर पान निघून गेलं होतं. काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लाइट गेली काय दुपारपर्यंत वाट बघूची." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तौक्ते वादळाच्या वेळी, १६ मे २०२१ ला, याच वाडीतले माड आडवे झाले आणि कित्येक दिवस लाइट नव्हती. विहिरीतून कळशीने पाणी काढून चार घरांनी एकत्र रांधलं, असं त्या सांगतात. दुपारपर्यंतची लाइट त्यांच्या लेखी गेलेलीच नाही.

आईंच्या इन्सुलिनचं काय, हे मला तेव्हा सुचलं. चालू पेन बाहेर चार आठवडे चालतं, पण न उघडलेली फ्रिजमध्ये लागतात. काकींनी फ्रिज उघडू नका म्हणून दारावर पंचा बांधला. मी मनात लिहून ठेवलं: इथे यायचं तर इन्व्हर्टर, आणि तो फक्त पंख्यांचा नको.

साडेअकरा

छत्री आणि लॅपटॉप घेऊन बाजारात. काकींनी एका करसल्लागारांचं ऑफिस सांगितलं होतं. त्यांच्याकडे बॅटरी आहे आणि दुसऱ्या कंपनीची जोडणीही. मी अनोळखी बाई, ओल्या चपला दारात काढून म्हटलं, "पीएफची शेवटची तारीख आहे हो." त्यांनी खुर्ची दिली, पासवर्ड दिला आणि पहिल्यांदा कोकम सरबत मागवलं. पंधरा मिनिटांत पहिलं चलन भरलं गेलं, पाऊण तासात दुसरं. पैसे घेईनात.

काम झाल्यावर आम्ही बोलत बसलो आणि माझ्यासाठी दिवसातला सगळ्यात मोलाचा तास तो ठरला. त्यांच्याकडे फायलींचा ढीग होता: हॉटेलं, होमस्टे, स्कूबावाले, होडीवाले, खाजाची आणि काजूची दुकानं. २० लाखांच्या वर उलाढाल गेली की सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी लागते. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २०२५ च्या जुलैत १२ टक्के होता. पूर्वी रापणीवर पोट असलेल्या घरातल्या पोराला आता हे सगळं सांभाळायचंय. समुद्रात पर्ससीन आणि एलईडीच्या बोटींनी पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याचं ओढून नेलं, म्हणून कित्येकांनी होडी पर्यटकांसाठी फिरवायला काढली. जाळ्याचा हिशेब डोक्यात राहत होता. बुकिंग, कमिशन आणि रिटर्न डोक्यात राहत नाही. हिशेब लिहिणारं माणूस मिळत नाही, असं ते म्हणाले. शिकलेली मुलं गोव्यात, पुण्यात, मुंबईत.

आणखी एक विषय बाजारभर होता. गेल्या शुक्रवारी, ११ जुलैला, युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात सिंधुदुर्ग आहे. कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला, हे इथलं लहान मूलही सांगतं. बातमीने मलाही भरून आलं. पण करसल्लागार लगेच पुढचं बोलले: "आता भाडी वाढतील. राहणाऱ्या माणसाला खोली मिळणं कठीण होणार आहे, ताई."

दोन

लाइट आली. तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. लेक दोनदा भात घेऊन जेवली. घरी ती एक पोळी खाते.

जेवताना एका जमिनीच्या एजंटाचा फोन. किनाऱ्यालगत पाच गुंठे, समुद्र दिसतो, आत्ता घेतलं नाही तर दिवाळीला दुप्पट. ते आम्ही सोडून दिलंय. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही; १९४८ च्या कुळकायद्यातलं कलम ६३ आडवं येतं. इथल्या सातबारावर एकेका तुकड्याला पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नसलेली. आणि समुद्र दिसतो म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आलेच. भरतीरेषेपासून बांधायला किती अंतर सोडायचं हे गावागणिक बदलतं. पण कायदा सगळा जुळून आला तरी मी ती जमीन घेणार नाही. ज्या वाडीत अजून आपलं एक माणूस ओळखत नाही, तिथे कुंपण घालून सुरुवात करायची नाही.

पावणेचार

काकींच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. १९७३ मध्ये ते काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच. त्यातली तिथी वाचून इथली माणसं भरतीची वेळ काढतात: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. आज आषाढ वद्य पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. लेकीने वहीवर मांडलं आणि पावणेचारला तिने मला छत्रीत ओढत चिवला बीचवर नेलं.

भरती होती. हिवाळ्यात आम्ही जिथे चटई टाकतो तिथे पाणी खळखळत येऊन माडांच्या मुळांपर्यंत जात होतं. पाणी चहाच्या रंगाचं, खाड्यांनी आणलेल्या मातीने गढूळ. किल्ल्याकडे पाहिलं तर तटबंदीची फक्त एक करडी रेघ. मे अखेरीपासून ऑगस्ट सरेपर्यंत होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. किल्ल्यात आजही काही कुटुंबांची घरं आहेत. त्यांच्या पूर्वजांपासून पावसाळ्याआधी मीठ-तांदूळ-सरपण भरून ठेवायची बेगमी असते. आपण तिकीट काढून तासभर बघून येतो ते बेट कुणाचं तरी गाव आहे, हे मी इतक्या वर्षांत कधी नीट मनात घेतलं नव्हतं.

पंचमीची भरती मध्यम. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, त्यात वारा असला तर, पाणी रस्त्यावर येतं. देवबागची माणसं तर एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा पट्टीवर राहतात; तिथे दर पावसात कुणाची ना कुणाची जमीन कमी होते. घर किनाऱ्यावर नको, हे आमचं भरतीच्या पाण्यात उभं राहून ठरलं. लेक म्हणाली, "मग बघायला चालत येऊ." पंधरा मिनिटांचं अंतर पुरे.

साडेचार

शाळा सुटायच्या आत हायस्कूलमध्ये. लेक आठवीत आहे. आलो तर पुढच्या जूनला, नववीला. मुख्याध्यापिकांनी वर्ग दाखवला, प्रयोगशाळा दाखवली, सेमी इंग्रजीची तुकडी आहे म्हणाल्या. शिक्षणाची काळजी करू नका, हे त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि त्यांच्या ठामपणाला आधार आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण विभागीय मंडळ २०१२ च्या परीक्षांपासून वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय.

मग मी विचारलं, बारावीनंतर? त्या क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. इथे कॉलेज आहे, कला-वाणिज्य-विज्ञान आहे, ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झालंय. तरी मुलं जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ भरली. साक्षरता भरपूर, निकाल पहिला, आणि माणसं कमी. आधी गिरणगावात गेली, मग बोरिवली-विरारला, आता पुण्याच्या आयटीत आणि गोव्याच्या हॉटेलांत. चाकरमानी गणपतीला येतात, अकरा दिवस घराघरांत दिवे लागतात, मग पुन्हा कुलपं. "तुम्ही उलट्या दिशेने येताय," त्या म्हणाल्या, "तर मुलीला इथे नुसती शिकायला आणू नका. तिला इथली करा."

हे वाक्य मला दिवसभर पुरलं. एखादं पर्यटनाचं गाव आपल्या सोयीसाठी निवडायचं, स्वस्त आणि सुंदर म्हणून, आणि मुलं मोठी झाली की निघून जायचं, यात गावाच्या हाती काय पडतं? भाडं वाढतं, विहिरीचं पाणी खाली जातं, आणि मतदारयादीत नाव डोंबिवलीचं राहतं. यायचं तर नाव इथे लावायचं.

लेकीने बाहेर पडताना एकच विचारलं: बॅडमिंटन आहे का? आहे, संध्याकाळी, हॉलमध्ये. मैत्रिणींचं ती काही बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. तो प्रश्न तिचा आहे. त्याला वेळ लागेल.

सहा

आईंना घेऊन डॉक्टरांकडे. आईंना मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. या भेटीत आईंनी स्वतःच प्रश्न विचारले, मी गप्प बसले. छातीत दुखलं तर पहिल्या तासात काय करता? डॉक्टरांनी काही लपवलं नाही. १०८ ला फोन, इथे ईसीजी, गरज पडली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग ओरोसला. त्यापुढची वेळ आली तर गोव्यात बांबोळीचं रुग्णालय. अडीच-तीन तासांचा रस्ता, पावसात जास्त. डोंबिवलीत मोठं रुग्णालय वीस मिनिटांवर आहे, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

डॉक्टर पुढे म्हणाले, "पण रोजचं चालणं, रोजचं बोलणं, वेळेवर पेज, हे मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. तिथे तुम्ही दिवसभर एकट्या असता का?" आई म्हणाल्या, "असते." सातव्या मजल्यावर, लिफ्टची वाट बघत, मी खोलीत कामात आणि बाकी दोघं बाहेर. त्यांनी हे कधी आम्हाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तीन तासांचं मला कळलं. त्याची भीती आहे. पण तुम्ही माझ्या नावावर नाही म्हणू नका." मी त्यांचा हात धरला. हे ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही आणि त्यांच्या धैर्याचा फायदाही घ्यायचा नाही. उद्या दहा वाजता त्यांच्या ठाण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायचा. ते नाही म्हणाले तर विषय संपला, कुणीही रुसायचं नाही.

साडेसात

नवरा आला, गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर उत्साह. हॉटेलांचे एसी पावसात बंद असतात, तिथे नोव्हेंबर ते मे काम. त्याला वाटलं होतं उरलेले महिने रिकामे. पण मासेमारी बंद असते तेव्हा बर्फाचे कारखानेही मंदावतात, आणि नेमके तेव्हाच त्यांचे कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करतात. मासळी ठेवायच्या शीतपेट्या, हॉटेलांचे बंद पडलेले फ्रीजर, सगळं पाहुणे यायच्या आत ठीक करायचं असतं. आज तो दिवसभर एका बर्फाच्या कारखान्यात होता. सुट्टीत येणाऱ्याला जो मोसम मेलेला दिसतो तो इथल्या कारागिराचा दुरुस्तीचा मोसम आहे. कौलं चाळणारे, होड्यांना तेल लावणारे, जाळी विणणारे, सगळे आत्ता कामात. पैसे कमी आणि उशिरा मिळतात, हेही त्या मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं: कमाई ठाण्याच्या पगाराच्या दोन-तृतीयांश धरा, आणि पहिलं वर्ष त्याहून कमी.

काकींबरोबर गणपतीच्या शाळेत गेलो. गणपती २७ ऑगस्टला. मूर्तिकाराच्या पडवीत मातीचे गणपती रांगेत, अजून रंग नाही, काहींना सोंड नाही. इथे घराघरांतून पाट आणून द्यायची पद्धत. ज्याच्या पाटावर जी मूर्ती घडते ती त्याच घरी जाते. पाटांवर खडूने आडनावं लिहिलेली. मूर्तिकार आजोबांनी आम्हाला खालपासून वर न्याहाळून विचारलं, "तुमचो गणपती खंय बसतलो?" नवऱ्याने डोंबिवली सांगितलं. "आणि फुडच्या वर्सा?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. दिवसभरात कुणी इतकं थेट विचारलं नव्हतं.

पडवीतच मी काकींना भाड्याचं विचारलं. वर्षभरासाठी एक खोली आणि स्वयंपाकघर द्याल का? काकींना आम्ही आवडतो, हे मला माहीत आहे. तरी त्यांनी खरं ते सांगितलं. "जून ते एप्रिल ऱ्हवा. मे म्हयन्यात खोली माका व्हयी. तेच दिवस आमका वर्साचे पैसे देतत." त्यांचं बरोबर आहे. ज्या महिन्यात लेकीची परीक्षा संपून आमचा जीव मोकळा होईल त्याच महिन्यात आम्ही बेघर. पर्यटनाच्या गावात येऊ पाहणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण मला आज इथे कळली: नोकरी, शाळा, डॉक्टर सगळं कसंबसं जुळतं, बारा महिन्यांचं छप्पर जुळत नाही. ज्या घराचं तोंड समुद्राकडे आहे ते पाहुण्यांचं. राहणाऱ्याने बाजारातल्या गल्लीत शोधायचं.

काकींनीच मग बाजाराच्या मागच्या आळीतलं एक घर सुचवलं. चिरेबंदी, कौलारू, माजघर, न्हाणी, विहीर. धनी बोरिवलीला. "झील मुंबैक, चेडू गोयात. म्हातारी गेल्यापासून कुलूप." गणपतीला आणि मेमध्ये चार दिवस उघडतं. काकींच्या मते बंद घर पावसात लवकर खचतं. वाळवी लागते, कौल सरकलेलं कुणाला दिसत नाही, आणि देवाजवळ दिवा नसतो याची मुंबईत बसून त्यांना टोचणी. भाड्यापेक्षा त्यांना माणूस हवंय.

साडेनऊ

जेवणं झाली. लेकीच्या वहीचं मागचं पान घेऊन बसलो. जमेच्या आणि खर्चाच्या बाजू लिहायला मला आवडतात, पण आज तसं न करता फक्त अटी लिहिल्या. पहिली, ठाण्याच्या डॉक्टरांचा होकार. दुसरी, यायचं ते जूनमध्ये, म्हणजे आधी चार महिने पाऊस भोगायचा. ऑक्टोबरात यायचं नाही. तिसरी, डोंबिवलीचं घर विकायचं नाही, तीन वर्षं भाड्याने द्यायचं. चौथी नवऱ्याने लिहिली: एप्रिलपर्यंत नोकरी, आणि दर महिन्याला पगारातला एक हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला. पाचवी लेकीने: दर दिवाळीत मैत्रिणी इथे येणार, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. सहावी माझी: करसल्लागारांकडे आठवड्यातले दोन दिवस बसायचं, इथल्या होमस्टेवाल्या बायकांचे हिशेब शिकवायचे, पहिल्या वर्षी फी न घेता.

मग बोरिवलीला फोन लावला. काकींनी आधी कळवलेलं होतं. पलीकडे साठीचे गृहस्थ, आवाजात थोडा संकोच. भाड्याचा विषय त्यांनी दोन वाक्यांत संपवला. "गणपतीला आम्ही चौदा माणसं येतो. पाच दिवस घर आमचंही राहील. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "चूल एकच ठेवू या. माझ्या सासूबाईंना नैवेद्याचं काय काय लागतं ते आधी सांगा."

"मे महिन्यात आठवडाभर."

"तेव्हाही या. आम्ही एक खोली मोकळी करू."

ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, किल्ली शेजारच्या घरात आहे, उद्याच उघडून बघा, माझी वाट बघू नका. माजघराचा तिसरा वासा हाताने दाबून बघा. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे का ते बघा. विहिरीची मोटार दोन वर्षं चालवलेली नाही, एकदम चालू करू नका.

नवऱ्याने वहीत लिहून घेतलं: वासा, ओल, मोटार. खाली त्याने वेळ टाकली, सकाळी साडेअकरा, डॉक्टरांचा फोन झाल्यावर.